सीटवरचे चार बगळे

“बोला की मालक. पाय गुतल्यात, कान मोकळं हायत.”

दुकानात कुणीही आलं की चाचांचं हे ठरलेलं वाक्य. शाहूपुरीत तुम्ही गाडीच्या सीटा शिवून घेतल्या असतील, तर त्यांना पाहिलंच असेल. माणूस गप्पा मारायचा, चहा प्यायचा, गिऱ्हाइकाची फिरकी घ्यायचा. पण शिलाई मशीनच्या पायडलवरचे पाय काही थांबायचे नाहीत.

राधानगरीच्या पाण्यावर माझी जुनी मोटारबोट आहे. तिच्या चारही सीटांची किनार उसवली होती. पाठीवर कंपनीची खूण म्हणून भरलेला बगळा होता, त्याचा दोराही झिजून गेलेला. कंपनी कधीच बंद पडली होती. मी म्हटलं, “बगळा राहू द्या चाचा, साधं रेक्झिन घाला.”

“आन् बोट काय भुंडी फिरवणार?” चाचा खवळले. त्यांनी जुन्या रेक्झिनवर खडूची पूड चोळली. सुईच्या भोकाभोकांत ती बसली आणि हरवलेला बगळा पिसांसकट उमटला. त्यावरून त्यांनी चार नवे बगळे भरले. असा हात मी दुसरा पाहिला नाही.

“सीटा बसवायला तुम्हीच चला, एक फेरीही मारू,” मी म्हटलं.

“लई मनात हाय. पर न्हाय जमायचं.”

तेव्हा माझं लक्ष गेलं. मशीनवर कापडच नव्हतं, पाय रिकामेच चालले होते. चाचांनी ते क्षणभर थांबवले. लगेच मागच्या पडद्याआडून बाईमाणसाचा घाबरा ओरडा आला. त्यांनी घाईनं पुन्हा पायडल मारलं. आत चाची होत्या; त्यांना काही आठवत नव्हतं, नवरासुद्धा. ओळखीचा उरला होता तो फक्त मशीनचा आवाज.

“ती झोपली की माझी सुट्टी,” चाचा हसून म्हणाले. मला मात्र माझ्या मोकळ्या पायांची लाज वाटली.

पुढं कधीही गेलो की विचारायचे, “आमचं बगळं उडत्यात न्हवं?”

गेल्या वर्षी चाची गेल्या. चाळिसावा झाल्यावर मी चाचांना बळेच गाडीत घातलं. बोटीत ते बगळ्यांवरून हात फिरवत बसले. पाण्याच्या मधोमध मी इंजिन बंद केलं. म्हटलं, माणसाला जरा शांतता मिळू दे.

चाचा दचकले. त्यांनी मागं काठाकडं पाहिलं आणि त्यांचे दोन्ही पाय बोटीच्या तळावर वरखाली होऊ लागले.

“चालू करा की मालक,” ते म्हणाले, “ती घाबरंल.”