कोशिंबाची पानं आणि एक टाका

कुमुदताईंची आणि माझी पहिली भेट उल्हासनगरच्या एका लेसच्या दुकानात झाली. मी भाचीच्या साखरपुड्यासाठी सोनेरी लेस घ्यायला गेले होते. शेजारी उभ्या असलेल्या बाई मात्र काचेच्या कपाटात वर्षभर टांगून विटलेली सुती लेस मागत होत्या. दुकानदार सिंधी, त्यांच्या जुन्या ओळखीचा. "बहेनजी, सब लोग चमकीवाली मांगते हैं, आप अकेली फीकीवाली," असं म्हणत त्याने ती काढून दिली. वाळल्या पानाशेजारी हीच शोभते, असं बाईंनी मला आपणहून सांगितलं. मला काही उमगलं नाही. अंबरनाथच्या कारखान्यात जन्मभर जावक नोंदवही सांभाळलेली मी. माझ्या लेखी वाळलं पान म्हणजे केराची वस्तू. पुढे याच वाळल्या पानांनी माझी कशी परीक्षा घेतली, ते येईलच.

ताई बदलापूरच्या शाळेत चित्रकला शिकवत. निवृत्तीनंतर बेलवलीच्या घरी त्यांनी कागदाचे टॅग करायला घेतले आणि आमच्यासारख्या आठ-दहा जणींना शिकवलेही. लग्नाच्या आहेराला, पुस्तकाला, फराळाच्या डब्याला बांधायचा हा तळहाताएवढा तुकडा. खाली जाड पुठ्ठा, त्यावर चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद, मग जुन्या साडीची चिंधी, जलरंगाचा एक पातळ हात आणि सगळ्यांत वर वहीत दाबून वाळवलेलं पान. पान डिंकाने चिकटवून झालं, की देठावर सुईने टाका. हा टाका कशाला, असं मी एकदा कंटाळून विचारलं होतं. ताई म्हणाल्या, "डिंक पावसाळ्यात दगा देतो. टाका देत नाही."

झाडावरचं पान त्या कधी तोडत नाहीत, पडलेलंच उचलतात. माणसांच्या बाबतीतही त्यांची नजर अशीच, कोणी न उचललेल्यांकडे आधी जाते. दिवाळीत दाराशी येणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्याकडून नाव घातलेला टॅग मिळतो. घंटागाडीवरच्या सुनंदाबाईंचा टॅग करताना नाव 'सुनंदा' की 'सुनीता', हे त्यांनी खाली उतरून दोनदा विचारलं होतं. एवढं कशाला, असं मला तेव्हा वाटलं. आता वाटत नाही.

आता जे लिहिते आहे, ते आजवर ताई, सुनंदाबाई आणि मी, एवढ्या तिघींनाच ठाऊक होतं. ताईंनी परवानगी दिली, म्हणून मनावरचं ओझं उतरवून टाकते.

पालेगावच्या यमुनाबाईंच्या खळ्यावर एक जुनं कोशिंबाचं झाड होतं. फाल्गुनात त्याला तांबडी पालवी फुटे. तिथे इमारत उभी राहायची ठरली आणि ऐन पालवीत झाड तोडलं गेलं. पडलेल्या फांद्यांवरची पानं पदरात भरून यमुनाबाई ताईंकडे आल्या. "झाड गेला. पानां तरी नातीचे लग्नाला येऊं दे," एवढंच म्हणाल्या. त्यातली एक्केचाळीस पानं नीट वाळली. आहेराच्या एक्केचाळीस घरांसाठी एक्केचाळीस टॅग, एकही जास्तीचं पान नाही.

लग्न आठ दिवसांवर आलं होतं. ताई डोळे दाखवायला गेल्या होत्या आणि मी आपणहून त्यांची खोली आवरायला घेतली. दाराजवळ, रद्दीच्या गठ्ठ्यावर, एक खाकी पाकीट होतं. त्यावर ताईंच्या ठसठशीत अक्षरात एकच शब्द: 'टाका'. मी आज्ञाधारक बाई. खाली घंटागाडी वाजतच होती. टाकलं.

ताई परतल्या, चष्मा पुसला आणि विचारलं, टाके घालायचं पाकीट कुठे आहे? त्या पाकिटांवर पुढचं काम लिहून ठेवत, 'रंग', 'डिंक', 'टाका', हे मला तेव्हा, त्या प्रश्नासरशी आठवलं. एक्केचाळीसही पानं त्या पाकिटातूनच घंटागाडीत गेली, असं मी सांगून टाकलं. यमुनाबाईंना काय तोंड दाखवणार होते मी? झाड तर पुन्हा उभं राहणार नव्हतं.

ताई क्षणभर खाली बसल्या. मग म्हणाल्या, "चूक माझी. चित्रकलेची बाई, व्याकरणात कच्ची. चला, रिक्षा बघा."

घंटागाड्या उभ्या राहतात तिथे आम्ही पोहोचलो, तेव्हा सुनंदाबाई हात धूत होत्या. आम्हाला पाहून त्यांनी गाडीच्या पुढच्या सीटवरून ते पाकीट काढलं. एक डाग नव्हता त्यावर. "ताईंची पानं कचऱ्यात कशी येतील? मी म्हटलं, घरात कोणीतरी नवीन माणूस आलंय," त्या म्हणाल्या. मी नवीन नव्हते, सहा वर्षं शिकत होते. पण ते सांगायची माझी छाती झाली नाही. मी तिथेच पायरीवर बसून रडले आणि मग तिघी हसलो. इतकं हलकं मला नोकरी संपली त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

एक्केचाळीस टॅग वेळेवर गेले. लग्नात यमुनाबाई प्रत्येक आहेरावरच्या पानावरून बोट फिरवत होत्या आणि ताई माझ्याकडे न बघता जेवत होत्या. त्यानंतर या प्रसंगाचा त्यांनी कधी, चेष्टेतही, उल्लेख केला नाही. पाकिटांवर मात्र आता 'टाका घालणे' असं पूर्ण लिहिलेलं असतं.

आज ताईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. डोळ्यांची शस्त्रक्रिया नीट पार पडली, सुईत दोरा त्या स्वतः ओवतात, याचा आम्हा सगळ्यांना किती दिलासा आहे, ते शब्दांत सांगता येत नाही. या गौरवासाठी मीही एक टॅग केला आहे. चहाचा कागद, विटलेली लेस आणि त्यांच्याच अंगणात पडलेलं बदामाचं लाल पान. डिंक लावून झाला आहे. देठावरचा टाका मात्र मुद्दाम राखून ठेवला आहे. तो ताईंनी शंभराव्या वाढदिवशी, अशाच स्वच्छ नजरेने आणि स्थिर हाताने, स्वतः घालायचा आहे. तोवर पाकीट माझ्याकडे राहील. त्यावर मी लिहिलं आहे: 'टाका बाकी. टाकू नये.'