टिटवीचं डबकं

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ती टिटवी माझ्या डोक्यावरून ओरडत गेली, तिथनं हे सगळं सुरू झालं. तळ्याकाठच्या बागेत आम्ही तिघं चालतो कमी, बोलतो जास्त. मग किस्से साठणारच!

टिटवीनं मेंदीच्या कुंपणामागं खडीत चार अंडी घातलेली. मी माझ्या पाच वर्षांच्या परीला मागं ओढलं. "डोळे फोडंल!"

रेल्वेतून रिटायर झालेले काका गळ्यातली दुर्बीण सावरत म्हणाले, "ताई, ती तुम्हाला घाबरलीय."

"मग थरथरतंय कोण, काका?"

काकांचं लक्ष कायम पलीकडच्या काठावर. एकदा मी किंचाळले, "काका, मुंगूस!" त्यांनी दुर्बीण लावून अख्खं तळं धुंडाळलं. "कुठंय? कुठंय?" मुंगूस त्यांच्या चपलेजवळ बसून त्यांचाच नाष्टा उरकत होतं!

घारीचं तर विचारूच नका. आमच्यातली तिसरी, अक्कलकोटकडची नीलम्मा अक्का, घरनं कडक भाकरी आणते. घारीनं ती हातातनं उचलली. मी परीचं डोकं ओढणीखाली दाबलं, अन् अक्का आभाळाकडं बघत ओरडते, "अगं ए, चटणी हितंच राहिली की!"

हसले मीपण. पण तेव्हापासून परीचा हात सोडवेना.

बागेतला एक नळ गळायचा, खाली डबकं व्हायचं. टिटवी त्यात बसायची अन् ओल्या पोटानं अंड्यांवर जायची. "आई, ती पोट धुती," परी सांगायची. पण आम्ही सोलापूरची माणसं! घरी पाणी येतं चार दिवसांनी, गळका नळ बघवतोय कुणाला? अक्कानं तोटी आवळली, वर चिंधी बांधली. "पाप लागंल न्हाय तर!" आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ऊन चटके द्यायला लागलं. चपलेचा बंद लावायला मी वाकले. वर बघते तर परी नाही!

झोका रिकामा. घसरगुंडी रिकामी. "परी! ए परी!" काकांनी दुर्बीण तळ्याच्या पाण्याकडं वळवली. मला त्यांच्या तोंडाकडं बघवेना.

तेवढ्यात कुंपणामागनं अक्काचा दबका आवाज आला. "अंजू, वरडू नको. हळू ये."

परी खडीत उकिडवी बसलेली. फ्रॉक ओलाचिंब, त्याचं टोक ती अंड्यांवर पिळत होती. मागं नळ टपटपत होता, चिंधी खाली पडलेली. अन् हातभर अंतरावर टिटवी. गप्प उभी.

ओल्या पोटानं टिटवी अंडी गार ठेवत होती, हे तेव्हा कळलं. तुमच्या बागेत असा एखादा नळ गळत असेल, तर उन्हाळा सरेपर्यंत आवळू नका. चारजणींच्या कानावर घाला.