उलट्या पावलाचं बिल

बिलिंगच्या खोलीत तिला सगळे चाळणीबाई म्हणत. डॉक्टरांनी काय केलं ते वाचून बिलासाठी त्याचा कोड ठरवायचा, हे तिचं काम. पण तिच्या चाळणीतून खडा सुटेल तर शपथ! एकदा कुण्या डॉक्टरने एकाच खुब्याचं ऑपरेशन बिलात दोनदा लावलं आणि ते तिच्या सहीने पुढे गेलं. तेव्हापासून ती ताकसुद्धा फुंकून पिऊ लागली. नवऱ्याने 'भूक नाही' म्हटलं तरी विचारायची, "बाहेर कुठे खाल्लंत?"

त्या दिवशी फाइल आली एका लहान मुलीची. मांडीच्या हाडात, गुडघ्याशी गाठ. गाठीसकट गुडघा काढला, खालचा पाय उलटा फिरवून मांडीला जोडला. टाच पुढे, बोटं मागे.

"उलटी पावलं भुतांची असतात, पेशंटची नाही," ती शेजारच्या कारकुनाला म्हणाली. "कुठेतरी पाणी मुरतंय."

तिने सर्जनला फोन लावला. "लिहिलंय तेच केलंय," तो वैतागला. "फाइल अडवू नका हो. विम्याची मंजुरी आल्याशिवाय पोरीला त्या पावलावर बसवायचा कृत्रिम पाय मिळायचा नाही."

समोरच्याची घाई दिसली की चाळणीबाईचा संशय दुप्पट व्हायचा. ती उठली आणि थेट वॉर्डात गेली.

मुलगी चित्र रंगवत होती. "बिलाच्या मॅडम आल्यात," आई म्हणाली. मुलीने मुकाट्याने पांघरूण सारलं. मांडीखाली खरंच उलटं पाऊल होतं. तिने ते वरखाली हलवलं.

"हा घोटा आता माझा गुडघा," ती म्हणाली. मग बाईकडे रोखून बघत, "हात लावून बघा. सगळे लावतात. खोटं वाटतं ना?"

चाळणीबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

असल्या ऑपरेशनला स्वतःचा कोडच नव्हता. 'यादीत नसलेलं' हा कोड लावून सोबत खुलासा जोडावा लागे. तो कोड मागणाऱ्या डॉक्टरांना तिने आजवर दारातूनच परत पाठवलं होतं. आज तिने स्वतः खुलासा लिहिला.

पुढच्याच आठवड्यात विमा कंपनीतल्या बाईचा फोन आला. "टाच पुढे? असं कुठे असतं का?" आवाज अगदी चाळणीबाईचाच वाटावा असा.

"मी डोळ्यांनी पाहिलंय."

"तुम्ही कसं पाहिलंत? त्या मुलीचं नि तुमचं काय नातं? आमचा माणूस येऊन बघून जाईल."

"मुलीकडे कोणी यायचं नाही," चाळणीबाई म्हणाली. "फाइलमध्ये एक्स-रे आहे, तो उघडा."

पलीकडे कीबोर्डची टकटक झाली. "हो की," ती बाई हळूच म्हणाली. "मंजूर करते."

एक्स-रे पहिल्या दिवसापासून फाइलमध्येच होता. वॉर्डात जाण्याआधी चाळणीबाईनेही तो उघडला नव्हता.