पेनाने भरलेला फॉर्म
यंत्रमागाच्या तेलाचा वास आला की नव्वदच्या दशकातली ती सकाळ आठवते. सुरतेत बायोमेडिकलच्या पीएचडीचं माझं पहिलं वर्ष होतं आणि विषय निवडायचे होते. कृत्रिम रक्तवाहिनी पॉलिस्टरच्या धाग्यांनी विणतात, म्हणून मला टेक्स्टाईल विभागातला विणकामाचा विषय हवा होता. सुरतेतल्याच डिंडोली वस्तीतल्या घरी रातपाळीहून आलेले वडील तेलकट बनियनमध्येच बसले होते. "मी जनमभर सांचावर उभा राह्यनू, आते तू भी तठेच जाशी?" ते म्हणाले. यंत्रमागाला आमच्याकडे सांचा म्हणतात. मी इंग्रजी शाळेतली, घरात कमीच बोलणारी, फॉर्म घेऊन विभागात गेले. फॉर्म पेन्सिलने भरायची पद्धत होती, म्हणजे मार्गदर्शक सरांना खोडता येई. मी पेनाने भरला. सर हसले, "बेन, नस बनाववी छे के साडी?" मुलंही हसली. मी म्हणाले, "नस, सर. पण ती सांच्यावरच विणतात, आणि आपल्या विभागात एकालाही सांचा चालवता येत नाही." सरांनी सही केली. वडील महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचं दुःख तेव्हाही कळत होतं, आजही कळतं. पण त्या निवडीची माफी मी मागितली नाही, आणि मागणारही नाही.