ताराबाईंचे तीन डबे

माझं अक्षर किरटं आहे, आणि शुद्धलेखन चौथीत सुटलं ते सुटलंच. चुका पोटात घालाव्यात. पण ताराबाई आता नाहीत, त्यांच्याविषयी कुठेतरी लिहून ठेवायलाच हवं.

बायकांसाठी जागा राखीव झाल्या तेव्हा ताराबाई आमच्या गावच्या सरपंच झाल्या आणि मी सदस्य. मी सभेत तोंडातून शब्द काढत नसे. ताराबाईंनी मात्र पहिल्याच दिवशी घरून डालड्याचे तीन रिकामे डबे आणले आणि पंचायतीच्या कपाटात मांडले. एक पाणीपट्टीचा, एक दिवाबत्तीचा, एक झाडलोटीचा. वसूल झालेला कर ज्याच्या त्याच्या डब्यात. एकातून दुसऱ्यात उसनंही चालायचं नाही. म्हणायच्या, "प्यायाचं पानी येगळं, धुन्याचं येगळं. एका हंड्यात भरतं का कुनी?"

एकदा त्या लेकीच्या बाळंतपणाला संगमनेरला गेल्या. मागे यात्रा आली. उपसरपंच म्हणजे त्यांचे धाकटे दीरच, आणि यात्रा कमिटीचे पुढारीही तेच. त्यांनी पाणीपट्टीचा डबा कुस्त्यांच्या इनामात रिकामा केला. ताराबाई परतल्या आणि नळाच्या विहिरीवरची मोटार जळाली. दुरुस्तीला पैसा नाही. गावाचे नळ कोरडे.

ग्रामसभेत दीर म्हणाले, "वयनी, दिवाबत्तीच्या डब्यात हायेत की!"

"ते दिव्याचे. तुमी पैलवान पोसले, आता गाव पोसा. पैसं भरस्तोवर यात्रा कमिटीनं मळ्यातल्या हिरीवरनं घरोघर पानी वाहायचं."

त्या दिवशी बायका पुढे बसल्या होत्या. कोण नाही म्हणणार?

आणि खरंच वाहिलं! उपसरपंच कावड घेऊन आले की बायका ओट्यावरून ओरडायच्या, "पैलवान, सांडू नका, पट्टी भरलीया आमी!" माझ्या सासूबाई रांजणात वाकून म्हणायच्या, "आरं, अजून टीचभर रिता हाय."

कमिटीने घाईघाईने घरोघर हिंडून वर्गणी काढली. ताराबाईंनी चावडीपुढे गाव जमवलं, डबा माझ्या पुढ्यात ठेवला आणि यात्रेतला भोंगा लावून माईक माझ्या हातात दिला. मी तो परत त्यांच्याकडे सरकवला.

"ताई, मला न्हाई जमायचं."

"इनाम भोंग्यावर पुकारला, मग परतफेड गुपचूप व्हय? पानी तुझं बी हाय. बोल."

मी पैसे मोजले. थोडे कमी पडत होते. दिरांनी कुरकुरत बंडीच्या खिशातून चुरगळलेली नोट काढली आणि डब्यात टाकली. मी माईक तोंडाशी धरला.

"पानीपट्टीचं पैसं फिटलं," मी म्हणाले. "समदं."