तेविसावं जहाज

समुद्राबद्दल आमच्या सौ.च्या मामांइतकं बोललेला आणि समुद्र त्यांच्याइतका कमी पाहिलेला माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात सापडणार नाही. कमी म्हणजे शून्य. वय चौऱ्याऐंशी, मुक्काम जळकोट, घर हायवेला लागून. ओट्यावर बसून ते येणारीजाणारी वाहनं मोजतात, पण वाहनं म्हणून नव्हे. उसाचा ट्रॅक्टर दिसला की "मालवाहू, दोन डबे, वेग कमी," असं पुटपुटतात. स्वयंपाकघराच्या पत्र्यातून त्यांनी दोन आरसे बसवलेला पाइप वर काढला आहे. त्यातून फाट्यावर उतरलेला पाहुणा दिसतो. एकदा मी न कळवता गेलो, तर मामी दारातच म्हणाल्या, "या जावईबापू, चहा गाळलाय. तुमी रस्ता वलांडत व्हता तवाच ह्यांनी वर्दी दिली."

या सगळ्याच्या मुळाशी एक जर्मन कप्तान आहे. महायुद्धात तो पाणबुडी चालवायचा. सोलापुरात जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर मामांना त्याचं इंग्रजी चरित्र मिळालं आणि शब्दकोश मांडीवर घेऊन अकरा वर्षं ते त्याचं मराठी करताहेत. त्याच्या बढत्या, त्याची पदकं, त्याची दाढी, सगळं त्यांना पाठ. माझा गोंधळ वेगळाच होता. मामांचे वडील त्याच युद्धात एका मालवाहू जहाजावर भट्टीत कोळसा टाकायच्या कामाला होते. ते जहाज पाणबुडीनं बुडवलं. मामा तेव्हा आईच्या पोटात. कुणी बुडवलं, शेवटी माणसांचं काय झालं, यातलं काहीच जहाजाच्या कंपनीकडून घरी आलेल्या पत्रात नव्हतं. तेवढं कळावं म्हणून मामांनी जन्मभर कुठंकुठं अर्ज केले. अशा माणसानं पाणबुडीवाल्याचंच चरित्र मराठीत का आणावं?

"मामा, हा आपल्या बाजूचा का विरुद्ध?" मी एकदा विचारलंच.

"आपली बाजू कंची, जावईबापू? आपुन निजामाचे, निजाम इंग्रजाचा, आन वडील गेलते पगारासाठी. तुम्हीच लावा हिशेब."

मी लावला. लागला नाही.

गेल्या दिवाळीत त्यांनी वह्या माझ्यापुढं ठेवल्या. "छापायच्या आधी आकडे तपासा. जवळचं बारीक दिसंना मला आता." मूळ पुस्तकाच्या शेवटी तक्ता होता : बुडवलेली जहाजं बावीस. मामांच्या वहीत तेवीस. मी तीनदा मोजलं. मामींकडून तुरीचे दाणे घेऊन एकेका नावावर ठेवून पाहिले. तेवीसच. मग नावं ताडली. तेविसावं नाव पुस्तकात कुठंच नव्हतं. ते समोरच्या भिंतीवर होतं, चौकटीत लावलेल्या कंपनीच्या पत्रात.

"मामा, हे ह्यानंच बुडवलं याला पुरावा?"

"न्हाय."

"मग?"

मामा उठून पाइपापाशी गेले. डोळा लावून तसेच बोलले, "कुणीतरी बुडवलंच की. ह्यो बी बुडवायचा, त्ये काय चांगलं न्हाय. पण मागनं पाण्यावर यायचा. होडीतल्या माणसांला प्यायचं पाणी द्यायचा, पाव द्यायचा, किनारा कुण्या अंगाला हाय ते हात करून दावायचा. समदे न्हवते तसे. म्या लई कप्तान वाचले, जावईबापू. त्यातला ह्यो निवडला."

मामी चुलीपाशी होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हात दावून जलम गेला त्याचा. अजून त्या होडीतलं कुनी आलं न्हाय."

मामांनी पाइप मात्र सोडला नाही.

खरा आकडा बावीस आहे, हे मी इथं नमूद करतो. माझा जन्म हिशेब तपासण्यात गेला, पण तोवर चुकीच्या बेरजेखाली मी सही केलेली नव्हती. त्या दिवशी तेवीसच्या खाली 'तपासले' लिहिलं आणि सही केली. 'बरोबर' लिहायला पाहिजे होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

संध्याकाळी फाट्यावर एस.टी.ची वाट पाहत उभा होतो. मागं वळून पाहिलं, तर पत्र्यावरचा पाइप हळूहळू माझ्याकडं वळत होता. मी हात केला. पाइप माझ्यावर जरा थांबला, आणि पुन्हा रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडं वळला.