दमणच्या खाडीतली चूल

मातीची पारख आमच्या चाळीत माझ्याइतकी कुणालाच नाही. म्हणून तर सिल्वासातल्या सबंध आमलीत एकट्या माझ्याच घरी पोटुशी पोरगी खाडीचा चिखल खात बसली होती.

मी टेम्पोवर हमाल आहे. राखोलीला कंपनीत धाग्याचे बॉक्स चढवायचे, दमणला उतरवायचे. ड्रायव्हर होणार होतो, पण पाटी वाचता येत नाही. शाळा मी बाहेरून पाहिली, तीसुद्धा बकऱ्यांच्या मागे जाताना.

पोरगी पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली. सातवा लागला होता. तिला गॅसवरची भाकर गोड लागेना. म्हणायची, "आई, चुलीवरची कर ना, गावासारखी." खोलीच्या मागे पत्र्याखाली जागा होती. बायको म्हणाली, "चूल मी घालते, पण काळी माती आणा. इथली मुरमाड माती कामाची नाही."

आम्ही धुळ्याकडचे. आमच्याकडे काळी माती म्हणजे सोनं. आणि नेमकी त्याच आठवड्यात मला ती दिसली. दमणला माल उतरवून आम्ही खाडीच्या कडेला चहा प्यायला थांबलो होतो. ओहोटी लागलेली, पाणी आत गेलेलं, आणि काठाला ही काळीभोर माती चमकत होती, लोण्यासारखी मऊ. मला वाटलं, आपलं शेतच चालत चालत दमणला आलं.

आमचा ड्रायव्हर युपीचा. नाकाला रुमाल लावून म्हणाला, "चाचा, ये मिट्टी बदबू मारती है."

मी म्हटलं, "भैया, तेरे नाक को मिट्टी की पहचान नहीं है."

आणि उतरलो. गुडघ्यापर्यंत आत गेलो. एक चप्पल खाडीनं ठेवून घेतली, दुसरी मी घरी आणली. पण गोणी मात्र गच्च भरून आणली.

बायकोनं भुसा कालवून झकास चूल घातली. वाळली तशी तिला भेगा पडल्या, अन् वर पांढरं पांढरं आलं. बायको म्हणाली, "ओ, ही कुठली माती? हिला मीठ सुटलं की."

"बरं झालं, भाकरीत मीठ घालायचं वाचलं," मी म्हटलं आणि मीच हसलो.

मग पोरगी चुलीपाशी बसायला लागली. बोलता बोलता भेगेतली खपली नखानं काढायची आणि तोंडात टाकायची. आईनं एकदा दटावलं, मग तिनंही सोडून दिलं. म्हणाली, "असू दे, डोहाळे आहेत. तुझ्या वेळी मी पण भिंत चाटलेली." पोरगी हसून म्हणायची, "आप्पा, खारी लागते, लई मस्त."

माझी छाती फुगली. चाळीत ज्याला त्याला सांगितलं, "माझ्या मातीची चव बघा, पोरीला पेढे नकोत, चूल पाहिजे." चुलीची एक कड संपली, तेव्हा मी स्वतः दुसरी गोणी आणली.

पुढच्या खेपेला त्याच जागी एक मॅडम दिसल्या. पायात गमबूट, हातात प्लास्टिकचा चमचा, आणि चिखल थोडा थोडा पिशवीत भरत होत्या. जोडीला दोघं जण होते. मी चहाचा ग्लास घेऊन जवळ गेलो.

"मॅडम, तुम्हाला पण चूल घालायची का? एवढ्याशा मातीत नाही व्हायची. मला सांगा, गोणी भरून देतो."

मॅडम हसल्या. मराठीच होत्या, पुण्याच्या. म्हणाल्या, "चूल नाही हो, तपासायला नेतोय. यात धातू असतात."

"धातू? मग भंगारवाल्याला बोलवा की."

"दिसणारे नाहीत, काका. शिसं, क्रोमियम, तांबं. वर कारखान्यांतून पाणी येतं, गाड्यांचा धूर, बॅटऱ्या, रंग. सगळं वाहत येतं आणि इथे तळाला बसतं. पाणी निघून जातं, हे राहतं."

"तांबं तर चांगलं. आम्ही तांब्यातलंच पाणी पितो," मी म्हटलं. अजून मला सुचत होतं बघा. "वर म्हणजे कुठून येतं?"

"नदीनं. सिल्वासा, वापी, सगळीकडून."

"मी पण तिकडूनच आलो."

त्या पुन्हा हसल्या. मग मी विचारलं, सहज विचारल्यासारखं, "आणि हे कुणी खाल्लं तर?"

"माती कोण खाणार, काका?" असं म्हणत त्यांनी वर पाहिलं. मग हातातली पिशवी खाली ठेवली. "कोण खातंय?"

मी सांगितलं. दुसऱ्या गोणीसकट सगळं.

त्या हळू बोलल्या. "या जागेत किती आहे ते तपासल्याशिवाय मला सांगता येणार नाही. पण आजच बंद करा. शिसं आईच्या रक्तातून बाळाला जातं, बाळाच्या डोक्याला धोका असतो. डॉक्टरला सगळं सांगा, रक्तातलं शिसं तपासा म्हणा. लपवू नका."

परत येताना ड्रायव्हर म्हणाला, "चाचा, आज चुप क्यों?" दमणगंगेचा पूल आला. रोज त्याच पुलावरून जातो, रोज नदीला हात जोडतो. त्या दिवशी हात वर गेलेच नाहीत. गटारीचं पाणी कुठं जातं, हे मी आजवर कधी बघितलं नव्हतं. त्या दिवशी नदीत उतरणारी गटारंच दिसत होती, एकामागून एक.

घरी आलो तर पोरगी चुलीपाशीच. गालात काहीतरी. मी पहार घेतली आणि चुलीवर घातली. वर तवा होता, भाकर होती. तवा उडाला. बायको ओरडली, "तुम्हनं डोकं फिरनं का?" शेजारच्यांना वाटलं, पिऊन आलोय. मला पण वाटलं, बरं झालं असतं पिऊन आलो असतो तर.

"थूक," मी पोरीला म्हटलं. "थूक आधी."

ती घाबरली. थुंकली. काळी लाळ हातावर घेऊन ती माझ्याकडे बघत राहिली. मग मी सांगितलं. सांगताना माझा आवाज चिरकत होता, आणि लहानपणापासून लोक मला या आवाजावरून हसतात, पण तेव्हा कुणी हसलं नाही. पोरीनं पोटावर हात ठेवला. म्हणाली, "सकाळपासून हललं नाही ते."

आम्ही तशीच रिक्षा केली. सरकारी दवाखान्यात डॉक्टर बाईंनी यंत्र लावलं. ठोके ऐकू आले. टपटप, घोड्यासारखे. बायको रडली. मीही, पण खांबाच्या आड. रक्त घेतलं, ते बाहेरगावी पाठवलं.

तेव्हापासून रिपोर्टची वाट बघणं सुरू झालं. पोरगी झोपली की मी दारात उभा राहून तिचं पोट हलतंय का बघायचो. बायकोनं हाकललं तरी पुन्हा यायचो. फुटलेली चूल बाहेर टाकायची भीती वाटायची. कुठं टाकू? गटारीत टाकली तर पुन्हा नदीतच जाणार. गोणीत बांधून पत्र्याखाली तशीच ठेवली. अजून आहे.

रिपोर्ट आला. डॉक्टर बाई म्हणाल्या, "शिसं वाढलेलं आहे. माती बंद केलीत ते चांगलं केलंत. दूध, नाचणी, पालेभाज्या द्या, गोळ्या चुकवू नका, पुन्हा तपासू. बाळाची वाढ आत्ता ठीक दिसतेय. पुढचं जन्मल्यावर तपासूनच कळेल."

जन्मल्यावर. मी मान हलवली. आणि भीतीनं माझं तोंड नेहमीसारखं उघडलं. "म्हणजे नातू एकदम पोलादी होणार."

कुणी हसलं नाही. डॉक्टर बाईंनी पुढचा पेशंट बोलावला.

घरी येऊन मी खुंटीवरची पिशवी काढली. म्हटलं, "नाचणी आणतो. चांगली निवडून आणतो."

पोरगी भिंतीला टेकून बसली होती. उठली, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि आईकडे दिली.

"तुम्ही बसा, आप्पा. तुम्ही आणलेलं मी आता काही खाणार नाही."